फ्रीलान्सरांनी दरांची माहिती वाटावी कशी: संगनमताच्या आरोपात न अडकता करायची कामे, क्रमाने

फ्रीलान्सरांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर कधी ना कधी हा मेसेज येतो: "मंडळी, यापुढे कुणीही अमुक रकमेपेक्षा कमी घेऊ नये. बाजार बिघडतोय." खाली अंगठ्यांची रांग लागते. कुणीतरी उत्साहाने रेट कार्ड तयार करतो, त्यावर 'फक्त मार्गदर्शक' असे लिहितो आणि ते सगळ्यांना पाठवतो. काम झाले, असे सगळ्यांना वाटते.

स्पर्धा कायद्याच्या नजरेत खरोखरच काम झालेले असते, पण कार्टेलचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने दर ठरवण्याचे. दरांची माहिती वाटण्यात गैर काही नाही. नवख्याला बाजारात काय मिळते हे कळलेच पाहिजे, नाहीतर समोरचा क्लायंट त्याला वाटेल तो आकडा सांगतो. चूक होते ती क्रमात. बहुतेक गट आधी 'योग्य दर' ठरवतात आणि मग त्याला आधार म्हणून आकडे जमवतात. हा क्रम उलटा करायचा, आणि 'योग्य दर' ठरवण्याची पायरी गटाने कधीच चढायची नाही. ती ज्याची त्याने एकट्याने चढायची.

## टप्पा १: आपण कोण आहोत ते आधी ठरवा

नोकरदारांच्या युनियनने पगारासाठी एकत्र बोलणी केली तर बहुतेक देशांत स्पर्धा कायदा आड येत नाही. त्यावरून फ्रीलान्सरांना वाटते, आपणही कष्टकरीच, मग आपल्याला का अडवतील? अडचण अशी की कायदा फ्रीलान्सरला साधारणपणे स्वतंत्र व्यवसाय मानतो. एकाच क्षेत्रातले दोन अनुवादक म्हणजे कायद्याच्या भाषेत एकमेकांचे प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून दर ठरवणे हा या कायद्यातला सर्वांत गंभीर प्रकार समजला जातो.

लेखी करार नव्हता, ही सबबही चालत नाही. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात 'करार' या शब्दाची व्याख्या मुद्दाम सैल ठेवली आहे: तोंडी समजूत, व्यवस्था, संगनमताने केलेली कृती, सगळे त्यात येते. कलम ३(३) नुसार प्रतिस्पर्ध्यांनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे किंमत ठरवली, तर स्पर्धेला बाधा आली असे गृहीतच धरले जाते. तसे झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

याला अपवाद आहेत. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या बदली वादकांच्या प्रकरणात सांगितले की जो नावापुरताच स्वतंत्र आहे आणि प्रत्यक्षात नोकरासारखाच राबतो, त्याला सामूहिक करारातल्या किमान मानधनाचा लाभ मिळू शकतो. आयर्लंडने २०१७ मध्ये कायदा बदलून व्हॉइस-ओव्हर कलाकार, सेशन वादक (रेकॉर्डिंग वा कार्यक्रमापुरते बोलावले जाणारे वादक) आणि फ्रीलान्स पत्रकार यांना सामूहिक बोलणीची मुभा दिली. पण हे अपवाद नेमक्या लोकांसाठी आणि नेमक्या कामासाठी आहेत. आपण त्यात बसतो असे गृहीत धरू नका.

तपासा: गटातले बहुतेक जण एकाहून जास्त ग्राहकांना स्वतः बिल लावतात का? स्वतःचे दर स्वतः सांगतात का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर पुढचे सगळे टप्पे तुम्हाला लागू आहेत.

## टप्पा २: उद्देश एका वाक्यात लिहा आणि जपून ठेवा

पाहणी सुरू करण्यापूर्वी तारखेसह लिहून ठेवा: "मागील वर्षी या प्रकारच्या कामांना प्रत्यक्ष किती मोबदला मिळाला, याची एकत्रित माहिती सभासद, नवोदित आणि ग्राहक यांना उपलब्ध करणे." वाक्यात 'ग्राहक' हा शब्द शोभेसाठी नाही. जी माहिती ग्राहकालाही उघड मिळते, तिच्यावर संशय कमी येतो. फक्त आपापसांत फिरणारा तक्ता तपास अधिकाऱ्याला फार वेगळा दिसतो.

उद्देशात 'दर उंचावणे', 'कमी दराने काम करणाऱ्यांना आळा', 'एकवाक्यता' असे शब्द आले तर तिथेच थांबा. पुढे पाहणी कितीही नेटकी केली, तरी पहिले पान तुमच्याविरुद्धच वाचले जाईल.

## टप्पा ३: कच्चे आकडे गटातल्या कुणाच्याही हाती देऊ नका

बहुतेक गट इथेच घसरतात. सोय म्हणून ऑनलाइन शीट उघडली जाते, प्रत्येकाने नाव आणि दर भरायचा, आणि सगळ्यांना सगळ्यांचे दिसते. ही पाहणी नव्हे. हे प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांचे दर उघड्यावर मांडणे झाले.

आकडे जमवणारा माणूस तुमच्या क्षेत्रात काम न करणारा हवा: लेखापाल, संशोधक, किंवा संस्थेचा असा पगारी कर्मचारी जो स्वतः कामे घेत नाही. त्याच्याशी छोटा लेखी करार करा. कच्ची माहिती तो कुणालाही दाखवणार नाही, अध्यक्षांनाही नाही, आणि अहवाल निघाल्यावर ठरलेल्या मुदतीत ती नष्ट करील.

मात्र बाहेरचा माणूस नेमला म्हणजे सुटलो, असेही नाही. प्रतिस्पर्ध्यांमध्ये निरोप्याचे काम करणारा मध्यस्थही अडकू शकतो. भारतात २०२३ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले: तोच धंदा न करणारी व्यक्तीही अशा करारात सहभागी झाली, किंवा सहभागी व्हायचा तिचा इरादा दिसला, तर तिला त्या कराराचा भाग मानले जाते. ग्रुप अॅडमिन, सल्लागार आणि अॅप चालवणारे यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

सावधान: फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'उत्तर देणाऱ्यांना सारांश दाखवा' हा पर्याय बंद आहे का ते पाहा. तो चालू राहिला, तर पहिल्या चार-पाच जणांचे आकडे आलेखासकट सगळ्यांना दिसतात.

## टप्पा ४: प्रश्न भूतकाळातले विचारा

येऊ घातलेल्या दरांबद्दल प्रतिस्पर्ध्यांनी बोलणे, ही माहितीच्या देवाणघेवाणीतली सर्वांत धोक्याची गोष्ट. युरोपात केवळ एवढ्यानेही गुन्हा ठरू शकतो; प्रत्यक्ष परिणाम दाखवायचीही गरज पडत नाही. त्यासाठी वारंवार भेटायलाही लागत नाही. नेदरलँड्समधल्या मोबाइल कंपन्यांच्या प्रकरणात २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटले की एकच बैठकही पुरेशी ठरू शकते. त्या बैठकीचा विषय होता विक्रेत्यांना द्यायचा मोबदला.

म्हणून हे प्रश्न नकोत:

- पुढच्या वर्षी दर किती वाढवणार?
- तुमच्या मते किमान दर किती असावा?
- अमुक कंपनीला किती कोट करता?

त्यांच्या जागी असा प्रश्न घ्या: "मागील आर्थिक वर्षात पूर्ण झालेल्या आणि पैसे हाती आलेल्या कामांपैकी शेवटच्या तीन कामांचा प्रत्यक्ष मोबदला किती?" यात तीन गोष्टी साधतात. काम संपलेले आहे, पैसे मिळालेले आहेत, आणि आकडा इच्छेचा नसून बिलाचा आहे. नको असलेल्या प्रश्नांतला दुसरा, किमान दराचा, तर पाहणी म्हणूनही कुचकामी. माणसे आपल्याला मिळावेसे वाटते ते लिहितात, मिळते ते नाही.

आकड्यासोबत त्याचा संदर्भ घ्या, नाहीतर अहवालाचा उपयोग शून्य. एकक कोणते (शब्द, तास, पान, दिवस, पूर्ण प्रकल्प), दुरुस्तीच्या किती फेऱ्या धरल्या होत्या, तातडीचे काम होते का, हक्क पूर्ण विकले की ठरावीक वापरापुरते, ग्राहक थेट की एजन्सीमार्फत. दोन चित्रकारांच्या आकड्यांत तिपटीचा फरक दिसतो, आणि पुष्कळदा त्याचे कारण एवढेच असते की एकाने चित्र वापरायला दिले आणि दुसऱ्याने विकून टाकले. ग्राहकाचे नाव विचारू नका. त्याचा प्रकार पुरेसा आहे.

तपासा: फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचा. त्यात 'पाहिजे', 'असावा', 'पुढे', 'यापुढे' हे शब्द आले तर प्रश्न काढून टाका.

## टप्पा ५: आकडे गाळा, मगच छापा

किती लोकांची माहिती एकत्र केली म्हणजे कुणाचा दर ओळखू येणार नाही? अमेरिकेत १९९६ च्या आरोग्यक्षेत्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी निकष दिले होते, आणि इतर क्षेत्रेही वर्षानुवर्षे तेच वापरत आली: पाहणी त्रयस्थाने करावी, माहिती तीन महिन्यांहून जुनी असावी, प्रत्येक आकड्यामागे किमान पाच जण असावेत, आणि त्यांतल्या कुणा एकाचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त नसावा. २०२३ मध्ये तिथला न्याय विभाग आणि व्यापार आयोग या दोन्ही यंत्रणांनी ही तत्त्वे मागे घेतली. त्यामुळे 'आम्ही पाच जण धरले' एवढ्यावर कुणी सुटणार नाही. माझे मत असे की यांना कवच समजू नये, किमान शिस्त समजावी, आणि जमेल तिथे त्याहून कडक वागावे. फ्रीलान्सरांच्या छोट्या वर्तुळात पाच माणसे म्हणजे फारच थोडी. सगळे एकमेकांना ओळखतात. दहापेक्षा कमी उत्तरे असतील तर तो रकाना रिकामा सोडा.

एक सापळा सहज नजरेतून निसटतो. समजा, अहवालात सर्व दुभाष्यांची सरासरी दिली, उत्तरे ९. खाली न्यायालयीन दुभाष्यांची सरासरी वेगळी दिली, उत्तरे ६. दोन्ही रकाने 'किमान पाच' या कसोटीला उतरतात. पण वजाबाकी येणाऱ्या कुणालाही उरलेल्या तिघांची सरासरी काढता येते. त्या तिघांपैकी एक तुम्ही स्वतः असाल, तर उरलेल्या दोघांचा अंदाज तुम्हाला घरबसल्या येतो. म्हणून उपगट छापताना 'एकूण वजा उपगट' हा हिशेब प्रत्येक रकान्यासाठी करून पाहा.

एकच आकडाही छापू नका. सरासरी एकटी छापली की तिचा दर बनायला वेळ लागत नाही. मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या, सोबत मधल्या पन्नास टक्के उत्तरांचा पट्टा द्या, आणि उत्तरांची संख्या लिहा. पट्टा रुंद दिसला की सभासद कुरकुरतात, "यातून काय कळलं?" बाजारात दर खरोखरच असे विखुरलेले आहेत, हेच त्यातून कळते.

## टप्पा ६: अहवालाची भाषा

इथे थोडे रेंगाळायला हवे. चांगल्या पाहणीची वाट पुष्कळदा एका वाक्याने लागते.

'फक्त सल्ल्यादाखल' हा शिक्का कुणाला वाचवत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फेअरफॅक्स काउंटीच्या वकील संघटनेने किमान शुल्काचे पत्रक काढले होते, आणि ते केवळ सल्ल्यादाखल असल्याचा दावा होता. घर घेणाऱ्या गोल्डफार्ब दांपत्याने मालमत्तेची कागदपत्रे तपासून घेण्यासाठी ३६ वकिलांना पत्रे लिहिली. १९ उत्तरे आली. पत्रकातल्या दरापेक्षा कमी घेतो म्हणणारा त्यांत एकही नव्हता. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही दरनिश्चितीच असल्याचे ठरवले. बेल्जियमच्या वास्तुविशारदांच्या संघटनेला तिच्या शिफारशीच्या किमान शुल्कश्रेणीबद्दल युरोपीय आयोगाने २००४ मध्ये एक लाख युरोंचा दंड केला. परिषदांमध्ये काम करणाऱ्या दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे किमान दैनिक दरही अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९९७ मध्ये बेकायदा ठरवले. ती मंडळी फ्रीलान्सरच होती.

आता हीच माहिती दोन तऱ्हांनी लिहून पाहू.

बिघडलेली तऱ्हा: "पाहणीनुसार या कामाचा योग्य दर अमुक आहे. व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्यासाठी सभासदांनी याखाली जाऊ नये."

सरळ तऱ्हा: "मागील वर्षातल्या ६४ पूर्ण झालेल्या कामांत मध्यक मोबदला अमुक होता, निम्मी कामे अमुक ते तमुक या पट्ट्यात होती. संस्था कोणत्याही दराची शिफारस करत नाही. आपला दर प्रत्येकाने आपल्या खर्चानुसार स्वतंत्रपणे ठरवावा."

पहिल्यात 'योग्य', 'प्रतिष्ठा' आणि 'याखाली' हे तीन शब्द घात करतात. दुसऱ्यात फक्त काय घडले ते सांगितले आहे. अस्वीकरणाचे वाक्य मात्र खरे असायला हवे. अहवालात "शिफारस करत नाही" आणि ग्रुपवर "अहवाल बघा, आता तरी दर वाढवा", असे झाले तर ते वाक्य असून नसल्यासारखे.

सावधान: "संस्थेच्या पत्रकापेक्षा कमी दर घेणाऱ्याचे सभासदत्व रद्द", "कामांच्या यादीत फक्त किमान दर पाळणाऱ्यांनाच जागा" असे नियम पाहणीला जोडू नका. जुन्या आचारसंहितेत असे एखादे कलम पडून असेल, तर अहवालाआधी ते काढा.

## टप्पा ७: दरांऐवजी हिशेबाची पद्धत द्या

नवख्याला खरे तर आकड्यापेक्षा हिशेब जास्त उपयोगी पडतो, आणि तो शिकवायला कुठलाच कायदा आड येत नाही. तक्ता असा:

वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून सुट्ट्या, आजारपण आणि रिकामे दिवस यांचे ६ वजा: ४६. आठवड्याला ४० तास धरले तर १,८४० तास. त्यातला सगळा वेळ बिलात येत नाही. मेल, कोटेशन, वसुली, शिकणे यात बराच जातो. ६० टक्के धरला तर १,१०४ तास उरतात. वर्षाचा व्यवसाय-खर्च, कर, बचत आणि घरखर्च यांची बेरीज करून तिला या तासांनी भागा. आलेला आकडा म्हणजे तुमचा स्वतःचा तासाचा तळ. शब्दाचा किंवा पानाचा दर हवा असेल, तर तासाला प्रत्यक्ष किती काम होते ते मोजून पुन्हा भागा. आकडा बाजारातल्या पट्ट्याच्या वर गेला, तर खर्च, वेग किंवा ग्राहकांचा वर्ग, यांतले काय बदलायचे ते ज्याचे त्याने पाहावे.

तक्त्यात तासांचे आकडे उदाहरणादाखल चालतील. 'हवे असलेले उत्पन्न' हा रकाना मात्र कोरा ठेवा. तो आधीच भरून दिलात, तर प्रत्येकाच्या तक्त्यातून तोच दर बाहेर पडेल, आणि मागच्या दाराने रेट कार्ड आत येईल.

## टप्पा ८: ग्रुपवर तसा मेसेज आलाच तर

गप्प बसणे ही सर्वांत मोठी चूक. लिथुएनियातल्या प्रवास कंपन्या एक सामायिक ऑनलाइन बुकिंग प्रणाली वापरत. प्रणाली चालवणाऱ्याने त्यातच संदेश टाकला की सवलत ३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली जात आहे. बऱ्याच कंपन्यांनी काहीच उत्तर दिले नाही. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणाले: संदेश नुसता पाठवला होता, एवढ्यावरून प्रत्येकाला तो माहीत होता असे धरता येणार नाही, पण ज्याला तो माहीत होता आणि ज्याने उघडपणे अंग काढून घेतले नाही, तक्रारही केली नाही, तो सामील होता असे मानता येईल.

म्हणून अॅडमिनने आणि वाचणाऱ्यानेही लगेच, त्याच ठिकाणी लिहावे: "दर ठरवण्याची चर्चा इथे होणार नाही. मी यात सहभागी नाही. माझे दर मी स्वतंत्रपणे ठरवतो." चर्चा थांबली नाही, तर बाहेर पडा आणि तारीख नोंदवून ठेवा. प्रत्यक्ष बैठकीत असाल तर उठून जा आणि इतिवृत्तात तशी नोंद करायला सांगा.

बहिष्काराचे आवाहन याहूनही वाईट. वॉशिंग्टनमध्ये गरीब आरोपींचे खटले चालवणाऱ्या खासगी वकिलांनी १९८३ मध्ये मानधन वाढेपर्यंत नवी कामे घेणे बंद केले. मानधन तुटपुंजे होते, हे कुणी नाकारले नाही, ते वाढलेही. तरीही १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. भारतात बंगालमधल्या कलाकार आणि तंत्रज्ञांच्या समन्वय समितीने डब केलेल्या मालिकेचे प्रसारण रोखण्यासाठी वाहिन्यांवर दबाव आणला, तेव्हा हा दबाव स्पर्धेला बाधक आहे ही स्पर्धा आयोगाची बाजू २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली.

बोलायला मनाई नाही अशाही पुष्कळ गोष्टी आहेत: कुणी पैसे बुडवले, करारात कोणते कलम धोक्याचे, पैसे किती दिवसांत मिळाले, हक्क कसे राखावेत. फक्त अनुभव सांगून थांबा. "म्हणून कुणीही त्यांचे काम घेऊ नका" हे वाक्य जोडू नका.

## टप्पा ९: खरोखर एकत्र बोलणी करायची असेल तर

तो वेगळा मार्ग आहे. पाहणीत त्याची सरमिसळ नको. युरोपीय आयोगाच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकट्याने काम करणाऱ्यांना काही परिस्थितींत सामूहिक करार करता येतो: एकाच ग्राहकाकडून निम्मे किंवा त्याहून जास्त उत्पन्न येत असेल, नोकरदारांच्या बरोबरीने तेच काम करत असाल, किंवा डिजिटल प्लॅटफॉर्ममार्फत काम मिळत असेल. समोरची कंपनी मोठी असेल (उलाढाल २० लाख युरोंहून जास्त किंवा माणसे १० वा अधिक), तरीही आयोग हस्तक्षेप करणार नाही असे त्यात म्हटले आहे. पण हे समोरच्या पक्षाशी केलेल्या बोलण्यांना लागू आहे. आपापसांत ठरवून सगळ्या ग्राहकांना लावलेल्या दरपत्रकाला नाही. आपल्या देशात अशी मुभा आहे का, हे स्पर्धा कायदा पाहणाऱ्या वकिलाला पहिली बैठक होण्याआधी विचारा.

## टप्पा १०: जुने रेट कार्ड आधीच फिरले असेल तर

पहिली उबळ येते ती सगळे डिलीट करण्याची. तसे करू नका. मेसेज दुसऱ्यांच्या फोनमध्ये राहतातच, आणि पुसापुशी हाच वेगळा दोष ठरू शकतो. कामे या क्रमाने करा: कार्ड वापरणे आणि पाठवणे ताबडतोब थांबवा, सगळे मूळ मेसेज जसेच्या तसे जपून ठेवा, वकिलाला दाखवा, मग त्याच्या सल्ल्याने, जिथे जिथे कार्ड गेले होते तिथे तिथे मागे घेतल्याची लेखी सूचना पाठवा.

सूचना थोडक्यात असावी: "अमुक तारखेचे दरपत्रक मागे घेतले आहे. ते कुणीही वापरू नये. प्रत्येकाने आपले दर स्वतंत्रपणे ठरवावेत." त्यात सुधारित आकडे देऊ नका. वकिलाला हेही विचारा की आपण होऊन माहिती देणाऱ्याला दंडात सूट मिळण्याची तरतूद इथे लागू होते का. भारतात ती कलम ४६ मध्ये आहे, आणि जो आधी जातो त्याला जास्त सूट मिळते. त्यामुळे हा प्रश्न पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ढकलू नका.